फोटोतल्या रिकाम्या खुर्चीत एकदा बसू देण्याबाबत

दिनांक: शुक्रवार (कार्यालय बंद व्हायला पाच मिनिटे कमी)

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब (प्राथमिक),
शिक्षण विभाग, दुसरा मजला, जिन्यासमोर.

विषय: शाळेच्या वार्षिक फोटोत आपल्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत बसण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या कार्यालयाचे एक्कावन्न वर्षांपूर्वीचे पत्र.
२) माझा दोन वर्षांपूर्वीचा अर्ज.
३) त्या अर्जाच्या उत्तरादाखल आलेली खुर्ची.

महोदय,

मी खाली सही करणार, प्राथमिक शाळेत तेहेतीस वर्षे शिपाई आहे. मुले मला मावशी म्हणतात, त्यांचे आईबापही मावशीच म्हणतात. या महिनाअखेर मी निवृत्त होत आहे. उद्या शनिवारी सकाळी दहाला शाळेचा फोटो आहे. माझ्या नोकरीतला तो शेवटचा, आणि आजवर मी एकाही फोटोत नाही.

आपणास शाळेचा इतिहास ठाऊक नसणार, कारण आपण कधी आलाच नाहीत. म्हणून थोडक्यात सांगते. शाळा पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत सुरू झाली. पहिली तुकडी नऊ मुलांची. संध्याकाळी मुले पांढरीफटक होऊन घरी जात आणि आया त्यांना दारातच झटकत. पुढे इमारत झाली, आणि दुसऱ्या हेडसरांनी वार्षिक फोटोची प्रथा पाडून त्या वेळच्या साहेबांना बोलावणे धाडले. उत्तर आले: "येतो. खुर्ची ठेवावी." खुर्ची ठेवली. मुले दोन तास उन्हात उभी राहिली, दोघांना भोवळ आली, साहेब काही आले नाहीत. शेवटी मधली खुर्ची रिकामी ठेवूनच फोटो काढला. पुढल्या वर्षी खुर्चीचे काय करायचे असा प्रश्न पडला, तेव्हा सर म्हणाले, ठेवावी असा हुकूम आहे, काढावी असा नाही. झाले! तेव्हापासून दर फोटोत मधोमध ती आहेच. सहा हेडसर आले नि गेले. खुर्चीचा वेत दोनदा नवा बसवला. कुणी न बसता तो फाटला कसा, हे कृपया विचारू नये.

ही खुर्ची ऑफिसातून मैदानात नेणे, पुसणे, आणि परत ठेवणे माझ्याकडे आहे. शिवाय फोटोवाल्याच्या मागे उभे राहून घंटा हलवणे व वेडीवाकडी तोंडे करणे, हेही माझ्याकडेच. फोटोंत मुले हसताना दिसतात ती माझ्याकडे बघून. फोटोवाल्याकडे बघून कोण हसेल? त्याचे तोंड कायम काढा प्यायल्यासारखे. अकरा वर्षांपूर्वी वाऱ्याने खुर्ची कलंडली, मी धावत जाऊन धरली आणि त्याने तेवढ्यात बटण दाबले. त्या फोटोत माझा हात मनगटापर्यंत आला आहे. माझी नात यंदा चौथीत आहे. तिने शाळेच्या भिंतीवरचे सगळे फोटो पाहिले आणि म्हणाली, "आजी, तू शाळेत होतीस ना? मग आहेस कुठे?" मी हात दाखवला. ती म्हणाली, "हात काय, कुणाचाही असेल." वाईट वाटले, साहेब. खोटे कशाला सांगू? घरी जाऊन रडले.

दोन वर्षांपूर्वी मी याच कामी अर्ज केला होता. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, मी सात थांबले. मग एक दिवस टेम्पो आला. त्यात एक नवी खुर्ची आणि सोबत पत्र: "आपली खुर्चीची मागणी मंजूर." मी बसायची परवानगी मागितली होती हो, बूड टेकायला लाकूड नव्हे! हेडसरांनी तीही मैदानात मांडायला लावली, उपसाहेबांसाठी राखीव म्हणून. दुष्काळात तेरावा महिना. आधी मी एक खुर्ची वाहत होते, आता दोन वाहते. पूर्वी एक साहेब येत नसत, आता दोन येत नाहीत. गेल्या वर्षी त्यापायी रांगेत जागा उरली नाही आणि शिवणाच्या बाईंना, गुडघे दुखत असताना, उभे राहावे लागले.

हेडसर मनाने वाईट नाहीत, पण भित्रे आहेत. म्हणाले, "मावशी, अहो साहेबांच्या खुर्चीत शिपाई? लेखी आणा, मग बसा." इथेच घोडे पेंड खाते. मी काही आयत्या बिळावरचा नागोबा नाही. तेहेतीस वर्षे ती खुर्ची मी उचलली आहे. तिच्यावर हक्क आपल्यापेक्षा माझा काकणभर जास्तच भरेल.

तरी मेहेरबानी करून मला उद्या पंधरा मिनिटे त्या खुर्चीत बसू द्यावे. घंटा हलवायला शिवणाच्या बाई तयार आहेत, आणि तोंडे करणे त्यांना माझ्याहून बरे जमते. हा अर्ज मी मुद्दाम शुक्रवारी, पाचला पाच कमी असताना आवकच्या टेबलावर देत आहे. कारकून पिशवी उचलून निघायच्या बेतात असतो, न वाचता पोचेचा शिक्का मारतो. माझ्या प्रतीवर तो गोल शिक्का आला की ती सरांच्या हातात देईन. मी तोंडाने काहीही सांगणार नाही. गोल शिक्का दिसला की सर उभे राहतात, खालचे-वरचे वाचत नाहीत.

परवानगी द्यावी, ही विनंती. नकार द्यायचा असल्यास तो आपल्या नेहमीच्या वेगाने द्यावा.

आपली आज्ञाधारक
(शनिवारी सकाळी दहा ते सव्वादहा सोडून),

मावशी
शिपाई, प्राथमिक शाळा