माळ्यावरचा डबा

रविवार, ९ मार्च

प्रिय बोक्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशीलच. रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसतोस, तेव्हा तरी वेळेवर जेवलेला आणि झोपलेला वाटतोस. आम्ही इकडे ठीक आहोत. पत्र लिहायला कारण आहे, पण ते मागाहून सांगते. आधी घरचं वाच. आणि ताईला फोन करता येत नाही का, म्हणून हसू नकोस. फोन केला की तुझा मॅनेजर उचलतो आणि ‘सर शॉटमध्ये आहेत’ म्हणतो. चुकून तू उचललास तर कोणीतरी तुझ्या तोंडाला रंग फासत असतं, आणि इकडे आई माझ्या खांद्याला खांदा लावून उभी असते. तिच्यादेखत हे बोलता आलं नसतं.

तर घरचं. माझं शिवणाचं दुकान बरं चाललंय. नवीन कपडे फारसे कोणी शिवत नाही, पण तयार कपडे सैल-घट्ट करून घ्यायला माणसं रोज येतात. काल एकजण आला, म्हणे मालिकेत तुमचा भाऊ घालतो तसा शर्ट शिवा, म्हणजे मीही तसाच दिसेन. पोट हे एवढं. मी म्हटलं, शर्ट होईल, बाकीचं माझ्या हातात नाही. बिचारा हसला आणि माप द्यायला उभा राहिला. तुझ्यामुळे मलाही भाव आलाय, खोटं कशाला बोलू? गळ्यात टेप असतानाचे माझे फोटो काढतात. मालिकेत तू आईचे पाय चेपतोस ते बघून बायका डोळे पुसतात. घरी आईने पाणी मागितलं की तुला नेमका अभ्यास आठवायचा, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तेवढं माझ्या पोटात राहील.

आईची खरेदी आठवते ना? कागदावरूनच साबणाचा वास घ्यायची, पाव दाबून बघायची, भोपळ्यावर टिचकी मारून कान लावायची, टॉवेलची शिवण नखाने ओढायची. नवी वस्तू पहिल्या दिवशी तिने कधी घेतलीच नाही. ‘आज बघून ठेवते’ म्हणायची आणि जिथली तिथे ठेवून द्यायची. आपण दोघं लाजून बाहेर उभे राहायचो, जणू ही बाई आपली कोणी नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदारकाकांच्या तिने नाकी नऊ आणले होते, पण नवा माल आला की ते आधी तिलाच दाखवायचे. तिने घेतला म्हणजे गल्लीत खपणार, हे त्यांना पक्कं ठाऊक.

आता काकांनी दारात तुझा पुठ्ठ्याचा पुतळा उभा केलाय. तुझ्याच उंचीचा, हातात तू जाहिरात करतोस त्या ताकदीच्या पावडरीचा डबा. आई जाता-येता त्याच्या खांद्यावरची धूळ रुमालाने पुसते. एकदा मी तिला त्याच्याशी बोलताना पकडलं. पावडर दुकानात आली त्याच दिवशी आईने डबा घेतला. दाबणं नाही, हलवून बघणं नाही, ‘बघून ठेवते’ नाही. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई मागेच उभ्या होत्या. एवढी चिकित्सक बाई डोळे मिटून घेते म्हटल्यावर त्यांनीही घेतला, मग त्यांच्या मागच्यांनी. खप तुझ्यामुळे झाला असं कंपनीला वाटत असेल. आमच्या गल्लीत तरी तो आईमुळे झाला.

जाहिरातीतली तुझी आई मात्र तिला पसंत नाही. इतक्या गुळगुळीत गालांच्या बाईला गोळ्या लागतातच कशाला, म्हणते.

बरं, फार फिरवाफिरव झाली. मागच्या आठवड्यात आई जिन्यात पडली.

घाबरू नकोस. हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे, आता घरात हिंडते-फिरते. मी धावत गेले तेव्हा पायरीवर बसली होती, पिशवीतले कांदे खालपर्यंत घरंगळलेले आणि तोंड पांढरंफटक. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला, आणि मला बाजूला घेऊन विचारलं की यांची गोळी कोणी बंद केली. मी म्हटलं, कोणीच नाही. घरी येऊन गोळ्यांचा डबा शोधला तर जागेवर नव्हता. आईला विचारलं तर उशीचा अभ्रा सारखा करत बसली. शेवटी तिने वर बोट दाखवलं. माळ्यावर. स्टुलावर चढून तिने स्वतः ठेवला होता, तुझी जाहिरात लागायला लागली तेव्हा.

तुझं वाक्य तुला पाठ असेलच. ‘आईच्या गोळ्यांचा डबा मी माळ्यावर टाकला. आता रोज एक चमचा पुरे.’

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आई, ती जाहिरात आहे, त्याला लिहून देतात ते तो बोलतो, एवढं कळत नाही तुला? ती शांतपणे म्हणाली, “कळतं गं. पण तो चारचौघांत बोललाय. उद्या घरी कोणी आलं आणि त्यांना गोळ्या दिसल्या, तर माझा मुलगा खोटा पडेल.”

 मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

आता गोळी सुरू आहे. मी समोर उभी राहून देते. तुला कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद होती. शूटिंग आहे, त्याच्या डोक्याला ताप नको, म्हणे. मीही गप्पच बसणार होते. पण काल आई हट्टाने दुकानात गेली आणि मी सोबत गेले. तिथे शाळेतल्या बाई भेटल्या, हातात नवा डबा. हसत हसत म्हणाल्या की त्यांनीही मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्यात, तुझं ऐकून आणि आईचं बघून.

आई पाव दाबत होती. तिचा हात तिथेच थांबला. मग तिने काकांकडे पाणी मागितलं, पर्समधून गोळी काढली, आणि तुझ्या पुठ्ठ्याचा आधार घेऊन सगळ्यांसमोर गिळली. “मी गोळी घेते,” ती म्हणाली. “मध्ये सोडली होती, म्हणून जिन्यात पडले. तुम्ही पण घरी जाऊन डॉक्टरांना विचारा आणि तुमची सुरू करा. तो माझा मुलगा आहे, डॉक्टर नाही.”

 बाईंनी डबा फळीवर परत ठेवला. निघताना आईने पुतळ्याच्या खांद्यावरची धूळ पुसली नाही. ज्याच्यासाठी तिने गोळ्या माळ्यावर टाकल्या, त्याला तिने स्वतःच्या तोंडाने भर दुकानात खोटं पाडलं होतं. तिला ते किती जड गेलं ते मी बघितलंय.

बोक्या, तू वाईट नाहीस. तुझ्या मनात असं काही नव्हतं हे मला कोणी सांगायला नको. कंपनी पुढच्या वर्षासाठी विचारतेय, महिनाअखेर सही करायची आहे आणि त्यातून आईला लिफ्टचं घर घ्यायचंय, असं तू परवा म्हणालास. माझं ऐक, सही करू नकोस. आणि ते वाक्य ज्या तोंडाने बोललास त्याच तोंडाने मागे घे. लोक तुझं ऐकतात रे, हीच तर गोष्ट आहे. आमच्या गल्लीत आई होती. बाकीच्या गल्ल्यांत कोण आहे? लिफ्टची काळजी सोड, मी तिला हात धरून उतरवते. तेवढं मला जमतं.

हे पत्र गुपचूप लिहीत होते, पण ती केव्हाची मागे येऊन उभी आहे. सगळं वाचलंय तिने. मला वाटलं फाडेल, तर पेन मागतेय. म्हणते, खाली जागा सोड.

तुझी,
ताई


चि. बाळास आशीर्वाद.

ताई रागात असली की टाके मोठे घालते, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी बरी आहे. मालिकेत तुझा गळा बसल्यासारखा वाटला, गरम पाणी पीत जा.

एक सांगायचं राहिलं. त्या पावडरीचा मी घरी येऊन वास घेतला होता. चांगला नव्हता. दुसरं काही असतं तर तेव्हाच्या तेव्हा परत नेऊन दिलं असतं. पण डब्यावर तू होतास. तुला परत कशी करणार?

यापुढे सही करण्याआधी झाकण उघडून बघत जा. त्यांनी फार घाई केली तर ‘आज बघून ठेवतो’ म्हणायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी जन्मभर म्हटलंय.

तुझी, घरातली,
आई