निळ्या भुवया

आई,

काल भुवयांवर लेझर मारून घेतलं. तू माझ्या चेहऱ्यावर गोंदवून घेतलेल्या भुवया आता निळ्या पडल्यात, कडा पसरल्यात. रोज त्यांच्यावर तपकिरी पेन्सिल फिरवल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. तू गेलीस तेव्हा त्या काळ्याच होत्या, त्यामुळे तुला हे बघावं लागलं नाही.

लासूर स्टेशनच्या घरी पाहुणे मला बघून गेले आणि मध्यस्थाकडून निरोप आला, मुलीचा चेहरा कोरा वाटतो. माझ्या भुवया लहानपणापासून विरळ, मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तू मला रेल्वेनं इकडं शहरात आणलंस, औरंगपुऱ्यातल्या एका पार्लरात. मला वाटलं, रंग लावतील, धुतला की जाईल. मी खुर्चीत पडलेय, सुई घरघरतेय, डोळ्यांतून पाणी कानात उतरतंय. "आई, नको, बास." तू माझे दोन्ही हात दाबून धरतेस. "गप पड. लई नाटकं नको करू. एकदा झालं की जन्माची कटकट गेली." पार्लरवालीनं विचारलं, जरा उंच काढू का? तू हो म्हणालीस. चेहरा माझा होता.

परतताना गाडीत तू बजावलंस, "सासरी बोलायचं नाय." मी बोलले नाही. पण बाळंतपणात माझा सगळा चेहरा उतरला, भुवया तेवढ्या जशाच्या तशा. सासूबाई नणंदेला म्हणाल्या, "आईनं रंगवून दिली वाटतं." हे तुला सांगितलं तर तू भाजी निवडता निवडता म्हणालीस, "लग्न झालं ना? मग?"

तुझ्या दहाव्याला मावशी माझ्या कानाशी आली. "जरा रड तरी. अशी काय बघती?" मी रडतच होते गं. त्या उंच भुवयांनी माझा चेहरा कायमचा नवल वाटल्यासारखा करून ठेवलाय. त्याच्यावर दुःख दिसतच नाही.

तरीही मी तशीच राहिले असते. पण लेकीच्या भुवया माझ्यासारख्याच आहेत. ती पाळण्यात होती तेव्हा तू वाकून म्हणाली होतीस, "हिचं पण करून घ्यावं लागंल." आता ती कॉलेजात जाते. परवा आरशासमोर उभी राहून तिनं विचारलं, "मम्मी, मी पण करून घेऊ का, तुझ्यासारखं?" मी त्याच दिवशी त्वचेच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं, "सगळं जाईलच असं नाही. कधी कधी रंग आणखी काळा पडतो. आज भुवईच्या कोपऱ्यात करून बघू." मग डोळे झाकायला धातूच्या वाट्या, जळक्या केसांचा वास, आणि फोडणी अंगावर उडावी तसे चटके. त्या पार्लरात जिनं हात दाबून धरले तिच्यावरचा राग मनात घोळवतच मी पडून होते, आणि तोंडातून निघालं, "आई गं."

बाई थांबल्या. "फार दुखतंय का?"

"नाही. चालू द्या."

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. पुढच्या चटक्याला मी दात आवळून धरले. तरी तेच निघालं. दुसरं काही तोंडात येईचना.