दोराबाहेरची फिलोमेना

अपेन्झेल, २ एप्रिल १९९०

चि. फिलोमेनास अनेक आशीर्वाद.

नवऱ्याच्या माघारी सेंट गालनचं बिऱ्हाड मोडून तू माहेरी राहायला येणार, याचा आनंद आहे. पण अट घालतेस की बायकांच्या मताधिकाराचा ठराव इथल्या वार्षिक सभेत येईल तेव्हा मी हात वर करावा. मी शाळा अर्धवट सोडली असली तरी स्वातंत्र्य नि समता यांवर मिळेल ते वाचलं आहे, समासात टिपणं करून. माणसं वेगळी असतात. वेगळं म्हणजे कमी नव्हे. सभेला चौकात आम्ही पुरुष मताची खूण म्हणून तलवार लावून उभे राहतो, घरात तुमचा शब्द चालतो. यात अपमान कुठे आहे, ते सप्रमाण कळव.

तुझा दादा,
बेदा

सेंट गालन, ९ एप्रिल

ती. दादास सा. न.

वेगळी आहे, कबूल. तूही डावखुरा आहेस. म्हणून काही बाबांनी तलवार तुझ्याऐवजी चुलतभाऊ रोमनला दिली नाही. ती कमरेला असली की मत, आणि दरवर्षी घासून लखलखीत करायचे मी! इथे मी मत देते. गाडीत बसून माहेरी आले की अक्कल वाटेत सांडते का रे? घरात माझा शब्द चालतो ना? मग त्या घरातून एकदा माझ्यासाठी हात वर जाऊ दे. नाही तर बिऱ्हाड मोडत नाही. वहिनीची आठवण येते, सांग.

तुझी,
फिलोमेना

अपेन्झेल, ३० एप्रिल

चि. फिलोमेनास आशीर्वाद.

काल ठराव पडला. इतरत्र बरेच हात होते, आमच्या रांगेत माझा एकट्याचा. रोमन म्हणाला, बेदा, वारा कुठून येतोय बघतोस काय? घे खाली! घेतला नाही. तुझं म्हणणं मला अजून पूर्ण पटलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो. पण मी मनात तुला खोडून काढत होतो, आणि तू सभा बघायला आलेली, मतदारांभोवती बांधलेल्या दोराबाहेर, बायकांत उभी. जिला उत्तर द्यायची मुभा नाही, तिला वादात हरवण्यात कसली शोभा? एवढ्यासाठी हात वर केला. आता ये. माडीवरची खोली रंगवून घेतली आहे.

दादा

सेंट गालन, ४ मे

ती. दादास सा. न.

हात दिसला. शेजारची बाई म्हणाली, तो खुळा कोण? म्हटलं, आमचाच. माझी अट तू पाळलीस. पण दादा, भावाच्या मायेवर पाहुणी म्हणून येता येतं. कायमचं राहायला तेवढं पुरत नाही. म्हणून सध्या इथेच. खोलीत वहिनीचं शिवणयंत्र ठेव.

तूच ये, पुढच्या मतदानाच्या रविवारी. तू परगावचा, तुला इथे मत नाही. मी आत जाऊन येईपर्यंत दाराशी उभा राहा. फार वेळ लागत नाही.

माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझी,
फिलोमेना