निळा पडदा

क्वार्टझाइट, अ‍ॅरिझोना
२२ फेब्रुवारी २००९

चि. डार्सीस,
आजीचे आशीर्वाद. तुझ्या आजोबांचेही धरून चाल. ते आमच्या राहत्या गाडीच्या टपावर चढलेत, उतरले की विचारते.

तुझं पत्र पोचलं. टीव्हीवर हवामान सांगायची नोकरी लागली हे मी आधी तुझ्या आजोबांना वाचून दाखवलं, मग शेजारच्या गाडीतल्या ग्लेनला, मग पाणी भरायच्या रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना. एक बाई म्हणाली, नात हवामानाचं काही शिकली आहे का? मी म्हटलं, कॉलेजात शिकली, आणि त्याच्या आधी आईचं तोंड बघून वादळ ओळखायला शिकली.

आता इथला गोंधळ ऐक. सरकार म्हणतं टीव्हीचं जुनं प्रक्षेपण बंद, आता सगळं डिजिटल. ते याच महिन्यात व्हायचं होतं. आम्ही कंबर कसून बसलो, तर सरकार म्हणालं, जूनमध्ये. तरी काही केंद्रांनी आत्ताच बंद केलं, काहींनी केलं नाही. का, ते कुणाला विचारू नये. जो तो वेगळं सांगतो आणि सांगताना हात फार हलवतो.

जुन्या टीव्हीला एक डबा जोडायचा, एवढं मला कळलं. डबा स्वस्तात मिळायला सरकार एक कार्ड देतं, पण त्यांना घराचा पत्ता हवा. मी फोनवरच्या मुलीला म्हटलं, घर आहे, चाकं पण आहेत, पत्ता कुठून आणू? ती म्हणाली, रकाना रिकामा ठेवता येत नाही. शेवटी तुझ्या आईचा पत्ता दिला. डबा आला तर तो घरातल्या विजेवर चालणारा, आणि आमची गाडी वाळवंटात बॅटरीवर. तेवढ्याशा डब्यासाठी तुझे आजोबा जनरेटर धडधडवायला लागले, तेव्हा शेजाऱ्यांनी आमच्याकडे बघणं सोडलं. मग ग्लेनने बॅटरीवर चालेल अशी वायर करून दिली.

चित्र आलं. काय स्वच्छ आलं. मग बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाचे चौकोन झाले, हनुवटी एका कोपऱ्यात आणि कपाळ दुसऱ्या. पूर्वी चित्र बिघडलं की मुंग्या यायच्या, पण मुंग्यांतूनही माणूस ओळखू यायचा. आता आलं तर आलं, नाही तर नुसता निळा पडदा.

मेमध्ये आम्ही नेहमीसारखे तुमच्या मोंटानात येऊ, बिटर क्रीकच्या कॅम्पवर, संडास धुवायला आणि लोकांवर शेकोट्या विझवा म्हणून ओरडायला. तिथे तुमचंच केंद्र दिसतं, डोंगरावरच्या मनोऱ्यावरून. मला तुला बघायचंय, डार्सी. बाकी डिजिटल झालं काय आणि बुडालं काय, मला घेणं नाही.

जास्त लिहीत नाही, ग्लेनच्या वायरीचा वास यायला लागलाय.
तुझी आजी,
ऑर्फा


हार्लन फॉल्स, मोंटाना
११ मार्च २००९

ती. आजीस,
डार्सीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मेकअपच्या खोलीत वाचलं आणि इतकी हसले की मेकअपवालीने मला पुन्हा पावडर लावली.

इथलं तुला सांगते. माझ्यामागे नकाशा नसतोच. नुसती हिरवी भिंत असते. नकाशा घरी बसलेल्यांना दिसतो. मी बाजूच्या छोट्या टीव्हीत स्वतःकडे बघत, जिथे काही नाही तिथे बोट दाखवते. पहिल्या दिवशी मी आपल्याकडचा बर्फ शेजारच्या राज्यात पाडला.

रोज संध्याकाळी सहाच्या बातम्यांत शेवटी मी येते. तुम्ही बिटर क्रीकला पोचलात की कळव. बोलता बोलता डाव्या बाजूचे केस कानामागे सारीन. ती खूण फक्त तुझ्यासाठी.

पुढचा आठवडा थंड, वारा उत्तरेकडून. आजोबांना साष्टांग. त्यांना टपावर चढू देऊ नकोस. माया आहे तशी राहू दे.
तुझी,
डार्सी


बिटर क्रीक, मोंटाना
१९ मे २००९

चि. डार्सीस,
आशीर्वाद. पोचलो.

तू हवामान पाठवतेस ते बरं आहे, पत्र येईपर्यंत ते होऊन गेलेलं असतं, त्यामुळे मला ताडून बघता येतं. आत्तापर्यंत तुझं बरोबर आलंय.

वाटेत काय झालं ते लिहिते. या डब्याला गाव बदललं की काही आठवत नाही. प्रत्येक मुक्कामी बटण दाबून त्याला वाहिन्या नव्याने शोधायला लावायच्या. तुझ्या आजोबांना त्याचा नाद लागला. पेट्रोल भरायला थांबलो तरी शोधायला लावत. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवतोय आणि हे म्हणतायत, थांब, सत्तर टक्के झालं. युटात अँटेना खाली न घेताच गाडी हाकली. झाडाची फांदी आत आली, अँटेनाचा एक पंख बाहेर राहिला. तो मी चिकटपट्टीने बसवलाय. आता तो पाय मोडलेल्या कोंबडीसारखा दिसतो.

इथे पोचल्याबरोबर डबा लावला. शोध शोध शोधलं. एकही वाहिनी नाही. निळा पडदा. अँटेना पूर्वेला फिरवला, पश्चिमेला फिरवला. आढ्याजवळ अँटेनाला वीज देणारं ते बारकं बटण असतं, लाल दिव्याचं, ते दाबलं. मग कळलं की ते आधीच दाबलेलं होतं आणि आम्ही बंद केलं. पुन्हा दाबलं. तुझे आजोबा म्हणतात दिवा लागलेला असला म्हणजे चालू. शेजारी म्हणतो विझलेला असला म्हणजे चालू. मी दोघांनाही बाहेर काढलं.

तू केंद्रातच असतेस, कुणाला तरी विचार ना. आणि एकदा येऊन जा. दोन तासांचा तर रस्ता.

निळ्या पडद्यासमोर बसलेली तुझी आजी,
ऑर्फा


हार्लन फॉल्स
२७ मे २००९

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

घाई करू नकोस. बारा जूनला सगळी केंद्रं पूर्ण डिजिटल होतील, मग आपोआप येईल. तोवर अँटेना बोटबोटभर फिरवत राहा. कदाचित वायर जुनी झाली असेल, ती बदल. मध्ये एक जोर वाढवणारं यंत्रही बसवता येतं.

मला सध्या रविवारीही काम असतं, त्यामुळे येणं जमत नाही. गुरुवारी तुमच्याकडे दुपारनंतर गडगडाट.

आजोबांना नमस्कार. राग मानू नकोस.
डार्सी


बिटर क्रीक
१५ जून २००९

चि. डार्सीस,
आशीर्वाद.

बारा जून आला आणि गेला. तू आपोआप म्हणाली होतीस म्हणून मी अख्ख्या कॅम्पला बोलावलं. इथे सगळ्यांचे टीव्ही आमच्यासारखेच जुने, सगळ्यांनी डबे लावलेत आणि सगळ्यांकडे तेच निळं. नवे टीव्हीवाले लोक या कॅम्पवर येत नाहीत, त्यांना गरम पाणी लागतं. तरी ऑर्फाकडे नात दिसणार म्हणून सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन आले. मी बटाट्याचं सॅलड केलं. टीव्ही दाराशी बाहेर तोंड करून ठेवला. सहा वाजले. निळा पडदा. लोक सभ्य, त्यांनी सॅलड संपेपर्यंत निळ्याकडे बघितलं. एक बाई जाताना म्हणाली, तुमची नात गोड आहे हो. मी म्हटलं, आहे, पण तुम्हाला कसं दिसलं?

तू सांगितलंस तशी वायर बदलली. तू सांगितलंस तसं ते जोराचं यंत्रही आणलं. बोटबोटभर फिरवायला तुझे आजोबा शिडीवर चढले आणि शिडीवरून उतरले ते मधल्या पायऱ्या न घेता. पाय मोडला नाही, पण वांग्यासारखा झालाय. मी सांगितलं होतं चढू नका. त्यांचं म्हणणं, ती खूण करत असेल आणि आपण बघत नाही.

मला काही समजेनासं झालंय. जे जे तू सांगतेस ते ते करते आणि तू काही येत नाहीस.
ऑर्फा


हार्लन फॉल्स
१९ जून २००९

ती. आजीस,
आजोबांना पुन्हा चढू देऊ नकोस, तुझ्या पाया पडते. टीव्हीचं राहू दे. डोंगर मध्ये येत असेल. मी फोटो पाठवते.
डार्सी


बिटर क्रीक
२ जुलै २००९

चि. डार्सीस,
आशीर्वाद.

काल मला कॉफीच्या भांड्यासाठी विजेचं भोक हवं होतं, इथे कॅम्पची वीज मिळते. त्यातलं एक भोक तो डबा अडवून बसलाय आल्यापासून, म्हणून मी तो उपटला आणि सिंकखाली बटाट्यांत टाकला. अँटेनाची वायर लोंबत होती, ती पायात येते म्हणून टीव्हीच्या मागे पूर्वी होती तिथे पुन्हा खुपसली. आणि टीव्ही लागला.

मुंग्या होत्या, पण लागला. तुमचंच केंद्र. सगळे म्हणतात जुनं बंद झालं, आणि इथे जुनं व्यवस्थित चालू. मी डोक्याला हात लावून बसले. मग म्हटलं समजून काय करायचंय, सहा वाजू देत. तुझ्या आजोबांचा पाय स्टुलावर ठेवला, कंगवा दिला, त्यांनी भांग पाडला. का, ते त्यांनाच माहीत.

शेवटी हवामान आलं. एक पिवळ्या केसांची मुलगी आली.

तुझे आजोबा म्हणाले, बघ, आली. मी म्हटलं, ही ती नव्हे. ते म्हणाले, केस रंगवले असतील. मी म्हटलं, नाकही रंगवलं का? ते म्हणाले, डिजिटलमध्ये माणूस वेगळं दिसतं. मी म्हटलं, डिजिटल बटाट्यांत आहे. ते म्हणाले, मग मुंग्यांमुळे. मुंग्यांतून मी माणूस चुकत नाही, डार्सी. ती वाऱ्याबद्दल बोलत होती आणि तिचा एक केस हलत नव्हता. कानामागे तर काहीच सारलं नाही.

आज पुन्हा बघितलं. तीच.

मी कॅम्पवर कुणाला बोलले नाही. तू आजारी आहेस का? का आणखी काही? काय असेल ते लिही, आणि अँटेनाबद्दल एक अक्षर लिहू नकोस.
ऑर्फा


हार्लन फॉल्स
७ जुलै २००९

ती. आजीस,
सा. न. पुढचं कसं लिहू ते कळत नाही, म्हणून सरळ लिहिते.

मी आजारी नाही. एप्रिल संपता संपता मला काढलं. नव्या यंत्रांवर खर्च फार झाला आणि माणसं कमी केली. पिवळ्या केसांची मुलगी आधी नुसत्या बातम्या सांगायची, आता हवामानही सांगते. वाईट नाही ती. मी तुला आज सांगते, उद्या सांगते करत होते, तेवढ्यात तुझं पत्र आलं, पोचलो म्हणून, आणि त्यात निळा पडदा होता. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, दिसत नाही तोवर मी आहेच टीव्हीवर.

तुम्ही दरीत आहात. तुमच्याकडे चित्र डोंगरावरच्या त्या छोट्या मनोऱ्यावरून येतं, आणि छोट्या मनोऱ्यांना सरकारने सूट दिली आहे. तो अजून जुनंच पाठवतो. तुमच्या डब्याला जुनं कळत नाही, तो मध्ये बसून ते अडवतो. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मी तुला वायर बदलायला लावली.

मी आता इथल्या विजेच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर माझ्यापुढे तुझ्यासारख्या आज्या डबा घेऊन उभ्या असतात. परवा पलीकडच्या दरीतली एक आली, तिचंही तेच, निळा पडदा. मी तिला म्हटलं, डबा काढा आणि वायर पहिल्यासारखी लावा. एवढंच. तिने माझा हात धरला, मला किती हुशार म्हणाली. मी मागच्या खोलीत जाऊन बसले.

आजोबांच्या पायाचं मी काय म्हणू. तू बोलली नाहीस तरी चालेल.
डार्सी


बिटर क्रीक
१३ जुलै २००९

चि. डार्सीस,
आशीर्वाद. न बोलून कसं चालेल, मला बोलल्याशिवाय जेवण जात नाही.

पायाचं आधी. ते मी विसरणार नाही. तुझे आजोबा तर नाहीच, ते महिनाभर खुर्चीतून कॉफी मागतायत आणि बरा झाला तरी पाय स्टुलावरून काढत नाहीत. त्या कॉफ्या तुझ्या नावावर.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग ती पिवळी कोण? मी पुन्हा वाचलं. आता म्हणतात, सगळं खरं असेल, पण ती डार्सीच आहे, लाजून रंगवलेत केस. माझ्याने पुढे होत नाही.

दुसरं. तुला वाटलं मला टीव्हीतली नात हवी. हवी होती, खोटं कशाला सांगू, पाण्याच्या रांगेत मी बरंच बोलून बसलेय. पण तू दोन तासांवर राहतेस आणि येत नाहीस, म्हणून म्हटलं निदान काचेत बघू. एवढंच होतं. त्यासाठी चिकटपट्टी लावली, वायरी आणल्या, नवरा पाडून घेतला. तू एकदा गाडीत बसली असतीस तर इतकं सामान लागलं नसतं.

तिसरं, आणि हे नीट वाच. कॅम्पवर सगळ्यांचे डबे अजून लागलेलेच आहेत आणि सगळे निळं बघतायत. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणते, माझी नात येणार आहे, ती सांगेल. रविवारी संध्याकाळी सहाला बोलावलंय सगळ्यांना. खुर्च्या घेऊन या म्हटलंय. दुकानातून सुटी घे, नसली तर खोकला काढ. खोटं बोलायचं तुला जमतं, हे आता मला माहीत झालंय.

आमच्या दाराशी टीव्ही असतो त्या जागी उभी राहा. डब्याचं सांग. मग सोमवारी वारा कसा ते सांग, इथे सगळ्यांना गाडीपुढच्या कापडी छत्र्या बांधायच्या असतात आणि त्या पिवळीचं दोनदा चुकलंय. नकाशा नाही, पण खराखुरा डोंगर तुझ्या मागेच असेल, बोट दाखवायला बरा. सॅलड मी करते. बटाटे काढताना डबा हाताला लागतो, तो तू आलीस की घेऊन जा.

तुझे आजोबा पुढच्या खुर्चीत असतील. भांग पाडून बसवते. बोलायला लागण्याआधी त्यांच्याकडे बघून डाव्या बाजूचे केस कानामागे सार, म्हणजे हा विषय एकदाचा मिटेल.

वाट बघते असं लिहायची मला सवय नाही. सहा म्हणजे सहा.
तुझी आजी,
ऑर्फा