मावशीची मान

गोर्नो पोले,
१२ मे १९९४

चि. रादोस्तिना हिस त्स्वेताना मावशीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

गुलाबतोडणी ऐन भरात आणि मी खाटेला खिळलेली. डोळे पिवळेधमक, अंगाला नुसती खाज. व्हिएन्नाला प्लामेनकडे गेले होते तेव्हाच हे सुरू झालं. त्याने तिथल्या दवाखान्यात नेलं, त्यांनी कागद दिला. तो वाचून इथला डॉक्टर म्हणतो, आजीबाई, दारू सोडा आणि सहा महिन्यांनी या, तोवर औषध नाही!

अगं, तुझे काका होते तोवर दरवर्षी घरची राकिया मीच गाळली, पण एक थेंब जिभेला लावला असेल तर जीभ झडो माझी. सूनबाई नातीला माझ्या मांडीवर देईना. प्लामेन म्हणाला, आई, आता लपवू नकोस. परक्याने म्हटलं असतं तर सोसलं असतं गं, हा तर पोटचा पोरगा!

तू यकृताचंच संशोधन करतेस ना? मग सांग, न पिता दारू यकृतात शिरते कुठून?

या म्हातारीला विसरू नकोस.
तुझी मावशी


सोफिया, १७ मे

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून माझं डोकंच फिरलं. मावशी, हा दारूचा आजार नसणार. शरीराचे राखणदार कधीकधी आपल्याच यकृतावर उठतात, घरच्या कुत्र्याने धन्यालाच चावावं तसे. बायकांना हा रोग फार होतो. त्यावर गोळ्या आहेत, पण वेळेवर द्याव्या लागतात.

तुझ्या डॉक्टरला फोन केला. तो म्हणतो, व्हिएन्नाच्या कागदापुढे आपण कोण बोलणार! परदेशातून आला की कागदसुद्धा शहाणा होतो वाटतं. आमच्या प्रोफेसरांचीही तीच रड. ‘पितात’ असं कुठे लिहिलेलं दिसलं की रक्त न तपासताच आमच्या अभ्यासाच्या यादीतून नाव कापायचं, असा त्यांचा नियम. आज त्यांच्याशी कडाक्याचं भांडले.

मला एवढंच कळव, व्हिएन्नाच्या त्या डॉक्टरने तुला नेमकं काय विचारलं? प्लामेन जवळ नव्हता का?

जीव सांभाळ, माया आहेच ती राहू दे.
तुझी रादोस्तिना


गोर्नो पोले, २३ मे

चि. रादोस्तिनास आशीर्वाद.

प्लामेन गाडी लावायला गेला होता. डॉक्टर पोरगा गोड होता गं. त्याने अंगठा तोंडाला लावून विचारलं, पिता का? मला असा राग आला! मी मान खालीवर केली, चांगली जोरात. त्याने पुन्हा खुणेनेच विचारलं, रोज? मी आणखी जोरात केली, मानेची शीर चमकली. मग तो लिहीतच बसला. मला वाटलं, बिचारा माझी बाजू लिहून घेतोय.

पायाला सूज आली आहे. भीती वाटते, खोटं का बोलू?
मावशी


सोफिया, २८ मे

ती. मावशीस नमस्कार.

आधी हसले, मग हातातला कप भिंतीवर फेकला. मावशी, मान खालीवर म्हणजे ‘नाही’, हे आपल्या बल्गेरियात! तिथे त्याचा अर्थ ‘हो’. तू जितकी जीव तोडून नाही म्हणालीस तितकी मोठी दारुडी ठरलीस!

सोमवारच्या गाडीने निघून ये. रक्त मी स्वतः तपासणार, प्रोफेसर किती का कुरकुरेनात. सहा महिने थांबलीस तर यकृताचा दगड होईल. प्लामेनलाही लिहिलं आहे, काय ते विचारू नकोस.

वाट बघते, उशीर करू नकोस.
रादोस्तिना


गोर्नो पोले, २ सप्टेंबर

चि. रादोस्तिनास उदंड आशीर्वाद.

तुझ्या गोळ्यांनी तोंड भोपळ्यासारखं फुगलंय, पण डोळे पांढरे झाले आणि काल अंगणात बसून मिरच्या भाजल्या. तुझ्या प्रोफेसरांनी नावं कापलेल्या त्या बायकांना परत बोलावते आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. त्यांच्यातल्याही काही जणी खरं बोलल्या असतील.

प्लामेन आला होता. दारातच रडला. म्हणाला, डॉक्टरची चूक झाली, आई, त्याला माफ कर. मी म्हटलं, त्याला तर केव्हाच केलं, त्याला आपली मान कळत नव्हती. पण बाळा, तू मला विचारलंस तेव्हा मी तशीच मान हलवली होती, आणि तू तर याच घरात वाढलास.

जेवायला वाढलं त्याला. पण त्यानंतर अजून बोलले नाही मी त्याच्याशी.

तुझी,
मावशी