दादाचं नाव निघालं

प्रिय दादा,

काल बँकेत तू विचारलंस, "कर्ज दुसरीकडे न्यायची एवढी यातायात कशाला?" मी म्हटलं, "व्याज कमी पडतं." ते अर्धंच खरं होतं.

माझा घटस्फोट झाला तेव्हा माझ्या गृहकर्जावर सहकर्जदार म्हणून तू सही केलीस. गेल्या वर्षी तुमच्या स्वयंपाकघराबाहेर वहिनीचं बोलणं माझ्या कानावर पडलं, "वन्संच्या कर्जापायी आपल्याला घरासाठी कर्ज मिळेना." तू म्हणालास, "तिच्यासमोर हा विषय काढू नकोस."

नवी बँक माझ्या एकटीच्या पगारावर कर्ज द्यायला तयार झाली, पण जुन्या बँकेला मूळ खरेदीखतच सापडेना आणि त्याशिवाय नवी पैसे सोडेना. मंजुरीची मुदत संपायला चार दिवस उरले, तेव्हा मी रजा टाकून जुन्या बँकेच्या बाकावर ठाण मांडलं. तिसऱ्या दिवशी कारकूनबाईंनी कंटाळून सगळं कपाट उपसलं, तर खरेदीखत भलत्याच माणसाच्या फायलीत निघालं. त्या म्हणाल्या, "आता घरी जाऊन झोपा, बाई."

काल तुझं नाव कर्जावरून निघालं. जिना उतरताना तू कितीतरी वर्षांनी शीळ घातलीस, आणि माझा जीव भांड्यात पडला.

हे पत्र तुला पाठवणार नाही. वहिनीला मात्र फोन केला, म्हटलं, "घरं बघायला जाल तेव्हा मलाही न्या."

तुझी,
धाकटी