दिव्याखाली उभं राहून

श्रीरामपूर
४ मार्च २०२४

चि. एस्तेर हिस,
शलमोनकाकाचे आशीर्वाद. वि. वि.

आज सोमवार. सकाळी नळाला पाणी आलं नाही. दळण टाकून आलो. दुपारी कानिफनाथ आला, जेवला, अडीचच्या गाडीने पाथर्डीला गेला. तुझ्या काकूने त्याला शेवग्याच्या शेंगा दिल्या.

कानिफनाथ म्हणजे रॉबिनच्या तुकडीतला. आफ्रिकेत नदीकाठच्या त्या शांतिसेनेच्या चौकीवर दोघं एकत्र होते. सुट्टीवर आल्यावर रॉबिनच्या आईबापांना भेटून यावं म्हणून आला. घरात असताना तो फार बोलला नाही. मी त्याला स्टँडवर पोचवायला गेलो तेव्हा बोलला.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण मी फोनवर बोलू लागलो की तुझी काकू समोर येऊन बसते आणि माझं तोंड वाचते. टायफॉईडमध्ये तिचे कान गेले तेव्हापासून आपल्या घरात ओट्यावरच्या दिव्याखाली उभं राहून, तिच्याकडे तोंड करून बोलायची पद्धत. तुझा बाप, माझा भाऊ, गेल्यावर तू आमच्याकडे आलीस आणि बारावीपर्यंत तशीच बोललीस. रॉबिन तर शाळेतसुद्धा दिव्याखाली जाऊन उभा राहायचा, बाईंनी हाक मारली की. म्हणून हे पत्र.

गेल्या सप्टेंबरात आपल्याला कळवलं होतं की रॉबिन जागच्या जागी गेला. तसं नव्हतं. पहाटे पोटात गोळी लागली आणि उन्हं चढेपर्यंत तो शुद्धीवर होता. पाणी मागत होता. पोटात गोळी असल्यावर पाणी पाजत नाहीत, म्हणून कानिफनाथ फडकं भिजवून त्याच्या ओठांना लावत राहिला. युनोचं हेलिकॉप्टर तळावर तयार उभं होतं. त्या देशाच्या सरकारने उडायची परवानगी दिली नाही. दिली तेव्हा उपयोग नव्हता.

काकूला यातलं काही सांगितलेलं नाही. पोराला काही कळलंसुद्धा नाही, या एका गोष्टीवर ती उभी आहे.

तू दिल्लीत परराष्ट्र खात्यातच आहेस. माझं मागणं एवढंच. परवानगी का दिली नाही हे त्या देशाला आपल्या देशाने उघडपणे विचारावं, रॉबिनचं नाव घेऊन. मी डेपोत कंट्रोलर होतो. गाडी सुटली नाही तर का सुटली नाही हे आम्हाला फळ्यावर लिहावं लागायचं, स्टँडवरच्या सगळ्यांना दिसेल असं. मागचा माणूस तरी दुसरी सोय बघतो. तिथे अजून आपली पोरं आहेत.

तब्येतीला जप. दिल्लीची थंडी गेली म्हणून स्वेटर लगेच पेटीत टाकू नकोस.

तुझा,
शलमोनकाका


नवी दिल्ली
१६ मार्च २०२४

ती. शलमोनकाकांस,
एस्तेरचा सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. तुमचं अक्षर अजून डेपोच्या फळ्यासारखंच आहे, लांबून वाचता येतं. पण या वेळी वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. रॉबिन माझा भाऊच होता, हे तुम्हाला सांगायला नको.

काका, तुम्ही म्हणता ते उघडपणे विचारणं आत्ता शक्य नाही. का नाही ते मोकळेपणाने लिहिते. सुरक्षा परिषदेत पाच देश कायमचे बसलेत, दुसरं महायुद्ध संपल्यापासून. जगातली सर्वांत मोठी लोकसंख्या आपली, शांतिसेनेत माणसं पाठवणाऱ्यांत आपण पुढे, आणि निर्णय होतात तेव्हा आपण बाहेर. ती जागा आपल्याला हवी आहे. त्यासाठी सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश मतं लागतात आणि आफ्रिकेची पन्नासाहून जास्त मतं आहेत. तो देश त्यांच्यातला. त्यांचे मंत्री पुढच्या महिन्यात इथे येताहेत. अशा वेळी आपण बोट दाखवलं तर एक मत जात नाही, शेजारची चार जातात. साहेब म्हणाले की आज गप्प बसलो तर उद्या त्या जागेवरून परवानग्यांचे नियमच बदलता येतील. मला ते पटतं.

पण एक होऊ शकतं. २९ मे हा शांतिसैनिकांचा दिवस. न्यूयॉर्कला आपण एक फिल्म दाखवणार आहोत, आपल्या गेलेल्या जवानांवर. तिच्यात तुम्ही बोला. कॅमेरा घेऊन माणसं श्रीरामपूरला येतील. तुमच्या तोंडून, मराठीत, सगळ्या जगासमोर. मी स्वतः त्या कामावर आहे.

काकूला माझा मुका. तिला सांगा, शेंगा मला कधी पाठवल्या नाहीत ते लक्षात ठेवलंय.

तुमची,
एस्तेर


श्रीरामपूर
२१ एप्रिल २०२४

चि. एस्तेर हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझी माणसं गुरुवारी येऊन गेली. मुलं सभ्य होती. त्यांना घरात शूटिंग करायचं होतं, रॉबिनच्या फोटोजवळ. मी नाही म्हणालो आणि चर्चच्या आवारात लिंबाखाली बसलो, कारण घरी तुझी काकू समोर असती. तिला मी राहात्याला तिच्या बहिणीकडे, रतनबाईंकडे, पाठवून दिलं होतं.

त्यांनी मला देशाबद्दल काय वाटतं ते विचारलं. मी म्हणालो की देश मोठा होतोय ते चांगलंच आहे. मग जे सांगायचं होतं ते सगळं सांगितलं, गोळी, पाणी, हेलिकॉप्टर, फडकं. कॅमेरावाल्या मुलीने डोळे पुसले. मी बोलायला बसलो त्याला माझी एकच अट होती, आणि ती मी तिलाही सांगितली. हेलिकॉप्टर उडू दिलं नाही, हे वाक्य फिल्ममध्ये माझ्या आवाजात राहिलं पाहिजे. बाकीचं काय कापायचं ते कापा.

तुझ्या मतांच्या हिशेबाबद्दल. कारखान्याच्या निवडणुका मी पुष्कळ पाहिल्यात. संचालक व्हायला निघालेला माणूस गावात कुणाचं मयत झालं की सगळ्यांच्या आधी पोचतो. तिरडीला खांदा देतो, तिसऱ्या दिवशीही येतो, म्हातारीच्या पाया पडतो. निवडून आल्यावर त्याची गाडी त्या गल्लीत दिसत नाही. माणूस वाईट असतो असं नाही. त्याला मनापासून वाटत असतं की एकदा खुर्ची मिळाली की मग बघू. तुझं पत्र वाचताना मला त्याची आठवण आली. राग मानू नकोस. मानायचाच तर मान.

उन्हाळा कडक आहे. कबरीवर लावलेली सदाफुली जळाली, दुसरी लावली.

तुझा,
शलमोनकाका


नवी दिल्ली
१९ मे २०२४

ती. काकांस,
सप्रेम सलाम. वि. वि.

रागावले नाही. दोन दिवस रागावले होते, मग कामात विसरले.

फिल्म तयार झाली. सहा जवानांची घरं आहेत तिच्यात आणि सगळ्यांत तुमचा चेहरा लक्षात राहतो, असं सगळे म्हणतात. वेळ कमी होता म्हणून प्रत्येकाला थोडाच भाग मिळाला. परदेशी लोकांना समजावं म्हणून सगळ्यांचेच आवाज पूर्ण खाली घेतलेत आणि वर इंग्रजी निवेदन आहे. हेलिकॉप्टरचं वाक्य निवेदनात जसंच्या तसं नाही. मी दोन वेळा लिहून दिलं. दोन्ही वेळा वरून परत आलं. शेवटी शांतिसैनिकांना वेळेवर मदत मिळण्याची गरज, असं एक वाक्य घातलंय. तेवढं घालायलासुद्धा मला भांडावं लागलं.

तुम्हाला हे कमी वाटेल. मला माहीत आहे.

दुसरी बातमी अशी की माझी बदली न्यूयॉर्कला झाली. या आठवड्यात निघते आहे. नवा पत्ता खाली लिहिलाय. फिल्म फादरांना पाठवली आहे. ते पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर हॉलमध्ये पडद्यावर दाखवणार आहेत. काकूला नक्की न्या आणि पहिल्या रांगेत बसवा. तिला ऐकू येत नाही, पण रॉबिनचा निळ्या टोपीतला फोटो इतका मोठा दिसतो की तिला बरं वाटेल.

तिकडूनही लिहीन. माझ्यावरचा हात काढून घेऊ नका.

तुमची,
एस्तेर


शिरामपूर
३ जून २०२४

एस्तेर बाळ,
काकूचा आशीर्वाद. माझी शाळा चौथीपतुर, चुकलं तर समजून घे.

काल हॉलमधी तुझा शिनेमा बघितला. फादरनी मला पुढं बशिवलं. तुज्या काकांना यायचं नव्हतं, म्हनत हुते डोकं दुखतंय. मीच वढून नेलं. म्हनलं, आपलं पोरगं एवढ्या मोठ्या पडद्यावर दिसनार आन तुमी घरी बसता व्हय?

मंग त्यांचं तोंड आलं. केवढं मोठं, समद्या भिंतीवर. सगळी लोकं विंग्रजी ऐकत हुती. मी कुठं ऐकती? मी वाचलं. पोटात गोळी लागली. उन्हं चढंस्तवर जित्ता हुता. पानी मागत हुता. हेलिकापटर तयार हुतं, उडू दिलं न्हाई. लगीच रॉबिनचा फोटू आला. सगळ्यांनी टाळ्या वाजिवल्या. शेजारची पुष्पावती रडायला लागली आन मला म्हनली, मावशी, किती चांगलं बोलले काका. म्या म्हनलं, व्हय.

मला सांगितलं हुतं पोराला कळलंबी न्हाई. नऊ म्हयने मी रोज देवाचे आभार मानले, त्याला कळलं न्हाई म्हनून. काय येडी मी.

बाळ, तू आवाज काढला आन तोंड ठिवलं. आमच्या घरात वाढून तू इसरली?

तुज्या काकांकडं मी बघत न्हाई. बघितलं की ते बोलत्यात. मला त्यांचं बोलनं नगं. यक फक्त तुला इचारते. त्याला कुनी पानी दिलं का? तेवढं कळीव. काकांना इचारनार न्हाई.

शेंगा वाळवून ठिवल्यात. आता कुनाला द्यायच्या.

तुजी काकू


न्यूयॉर्क
२० जून २०२४

ती. काकांस,
सलाम. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही. काकूचं पत्र मला मिळालं. तुम्हाला माहीत नसेल तिने लिहिलंय ते. तिने पडद्यावर सगळं वाचलं. ज्याला ऐकू येतं त्या कुणालाही कळू नये अशी व्यवस्था केली आणि ज्या एका माणसाला कळू नये म्हणून तुम्ही तिला राहात्याला पाठवलंत, तिलाच कळलं. मी विसरले. दुसरं काही कारण नाही. त्या टेबलापाशी बसून मी कितीदा तो भाग पाहिला, आवाज बंद करून, आणि मला एकदाही सुचलं नाही.

इथे काय झालं तेही लिहिते, लपवत नाही. कार्यक्रम चांगला झाला. त्या देशाचे राजदूत स्वतः मला शोधत आले, हात हातात घेतला आणि तुमच्याबद्दल सहानुभूती सांगितली. म्हणाले की त्या बापाचा चेहरा विसरणार नाही. जाताना म्हणाले की भारताच्या जागेला त्यांचा पाठिंबा राहील. आमच्या टेबलावर सगळे खूश झाले. मी पण हसले, काका. हसायची सवय होते इथे.

ते मत खरंच मिळेल की नाही कुणाला माहीत नाही. मतदान कधी होईल तेही माहीत नाही. माझ्या आधीचे साहेब याच कामावर निवृत्त झाले.

काकू विचारते आहे की त्याला कुणी पाणी दिलं का. कानिफनाथने फडकं भिजवून ओठांना लावलं, हे तुमच्या बोलण्यात होतं. फोटो आला तो बरोबर त्याच्या आधी. तिथे मी कापलं. तो पुढचा भाग माझ्याकडे आहे. तुम्ही म्हणाल तर आज पाठवते, किंवा तिला मीच लिहिते. तुमच्या उत्तराची वाट बघते आहे.

अजून तुमचीच म्हणवते,
एस्तेर


श्रीरामपूर
८ जुलै २०२४

चि. एस्तेर हिस,
वि. वि.

आज सोमवार. सकाळी पाणी आलं, भरलं. दहाला तुझं पत्र आलं. दुपारी भाकरी थापायचा प्रयत्न केला, जमली नाही, कालच्या भातावर भागवलं.

तुझी काकू राहात्याला आहे. या खेपेला मी पाठवलेली नाही. पंधरा दिवस घरात होती, माझ्यापुढे ताट ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. तिने बघितलं नाही तर मी तिच्याशी बोलूच शकत नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. खांद्याला हात लावला तर डोळे मिटायची. एकदा कागदावर लिहून समोर धरलं. तिने कागद घेतला, न वाचता घडी केली आणि माझ्या खिशात घातला. मग रतनबाईंकडे निघून गेली.

ती पाण्याबद्दल विचारते आहे, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. न्यूयॉर्कवरून.

तुझ्याकडचा भाग पाठवू नकोस. तिला लिहूही नकोस. तुमच्याकडून आमच्या घरात आता काही येऊ नये. पदक आलं, प्रमाणपत्र आलं, फिल्म आली, तेवढं पुरे. देशाला जागा मिळाली तर मला आनंदच होईल, रॉबिनलाही झाला असता. तो तिथे गेला तेव्हा फार ऐटीत होता, सगळ्या देशांच्या पोरांत आपलीच तुकडी शिस्तीची म्हणून सांगायचा. त्या जागेवर बसल्यावर तुझे साहेब नियम बदलतील असं तू मार्चमध्ये लिहिलं होतंस. बदलोत. मी ते बघायला नसेन आणि तू तेव्हा निवृत्त झालेली असशील.

तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होतो. मग वाटलं, खोटं एकदा बोलून पाहिलंय, त्याचं काय झालं तेही पाहिलंय. राग आहे. तू आमचीच आहेस म्हणून आहे. त्या राजदूताचा मला राग येत नाही.

सकाळीच रतनबाईंच्या सुनेने, धनश्रीने, फोन करून कळवलं की काकू उद्या सकाळच्या गाडीने येते आहे. का येते आहे ते तिने सांगितलं नाही. बहुतेक तिच्या गोळ्या इथे राहिल्यात म्हणून. मी स्टँडवर जाणार नाही, तिथल्या गर्दीत ती माझ्याकडे बघणार नाही. घरीच थांबेन. एकदा तरी तिने मान वर केली तर फडक्याचं सांगेन. तेवढंच सांगेन.

ओट्यावरचा दिवा परवापासून गेलाय. एकट्याला त्याची गरज नव्हती म्हणून तसाच राहिला. नवा आणलाय. आता पत्र बंद करतो आणि स्टूल घेऊन तो बसवतो.

शलमोनकाका